रिफंड काढून देणारा आता वकील लावतोय

वाचकाचं पत्र (थोडं कमी करून):

माझे मिस्टर सोलापुरात एका अनुदानित हायस्कूलवर शिक्षक आहेत. तीन वर्षांपूर्वी शाळेतल्याच एका सरांनी त्यांची गाठ एका माणसाशी घालून दिली. त्याचं झेरॉक्स, पॅन कार्ड, ऑनलाइन फॉर्म असं मल्टी सर्व्हिसेसचं दुकान आहे. 'इन्कम टॅक्सचा रिफंड काढून देतो' म्हणून शिक्षकांत त्याचं नाव होतं. त्याच्या सांगण्यावरून यांनी पतसंस्थेतून दोन लाख उचलले आणि एका पक्षाच्या खात्यावर देणगी म्हणून पाठवले. पक्षाचं नाव कधी ऐकलेलं नव्हतं, पावतीवर पत्ता परराज्यातला. चौथ्या दिवशी एक लाख नव्वद हजार परत आले, तेही माझ्या खात्यात, तीन तुकड्यांत, कुठल्याशा ट्रेडिंग कंपनीच्या नावाने. दहा हजार त्यांचा कट. पुढे 41,600 रुपये रिफंड आला, त्यातले दहा टक्के दुकानदाराने घेतले. पुढच्या वर्षी परत तेच केलं. म्हणजे 2022-23 आणि 2023-24 अशी दोन वर्षं.

आता ऐन गड्डा यात्रेच्या दिवसांत पहिल्या वर्षाची आयकर विभागाची नोटीस आली, कलम 148ए ची. यांची झोप उडाली आहे. दुकानदार म्हणतो, घाबरू नका, आपण सगळे मिळून वकील लावतोय, प्रत्येकी बारा हजार द्या, उत्तर तयार आहे (त्याची प्रत सोबत जोडली आहे). पुण्यातल्या एका सीएंनी पंचवीस हजार सांगितले. माझे दीर म्हणतात, कुणाला दमडी देऊ नका, जेवढा आकडा येईल तेवढा भरून मोकळे व्हा. मुलाची इंजिनिअरिंगची फी तोंडावर आहे. आधीच एवढं झाल्यावर सल्ल्यासाठी अजून पैसे घालायचे का? आणि पैसे माझ्या खात्यात आलेत, तर माझ्यावरही काही येईल का?

- एक वाचक, जुळे सोलापूर

ताई, नमस्कार.

मुदतीबद्दल तुम्हाला ईमेलवर आधीच कळवलंय, कारण सदर प्रसिद्ध होईपर्यंत नोटिशीची तारीख थांबत नसते. बाकीचं इथे सविस्तर लिहिते. एक तर तुमच्यासारखीच पत्रं आणखी आली आहेत, आणि त्यातली बहुतेक पगारदारांच्या घरातून आली आहेत.

आधी उत्तर सांगून टाकते, कारणं मग. सल्ल्याला पैसे घाला. मात्र नेमक्या कामाचे घाला, टप्प्याटप्प्याने घाला. दुकानदाराच्या बारा हजारांच्या वर्गणीत अजिबात पडू नका. आणि दिरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, त्यावर पुढे येते.

पैसे देऊन आपण काय विकत घेणार, हे पहिल्यांदा डोक्यात पक्कं करा. 41,600 रुपयांचा कर वाचवून देईल असा सीए सोलापुरात नाही आणि पुण्यातही नाही. कलम 80जीजीसी खाली राजकीय पक्षाला दिलेल्या देणगीची पूर्ण वजावट मिळते, हे खरं. पक्ष लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 च्या कलम 29ए प्रमाणे नोंदलेला हवा आणि देणगी रोखीने दिलेली नको, एवढं कायदा म्हणतो. दुकानदार तुम्हाला नेमकं एवढंच वाचून दाखवत होता. पण दिलेले पैसे चौथ्या दिवशी दुसऱ्या वाटेने घरी परत आले, तर ती देणगी झालीच नाही. वजावट गेली, कर भरायचा आला, त्यावरचं व्याज आलं. ही रक्कम आजच मनातून खर्ची टाका. 'ही पण वाचवून देतो' म्हणणारा कुणी भेटला, तर तो दुसरा दुकानदार समजा.

मग फी कशासाठी? दंडासाठी. कलम 270ए मध्ये दंडाचे दोन दर आहेत. उत्पन्न कमी दाखवलं एवढ्यावर थांबलं, तर त्या कराच्या 50 टक्के. चुकीची माहिती देऊन कमी दाखवलं असं ठरलं, तर 200 टक्के. सरांच्या, म्हणजे तुमच्या मिस्टरांच्या, एका वर्षाच्या आकड्यावर लावून बघा: 20,800 रुपये किंवा 83,200 रुपये. मधला फरक 62,400 चा. दंड पहिल्या प्रकारातला असेल, तर कर आणि व्याज वेळेत भरून, अपील न करता, फॉर्म 68 मध्ये दंडातून माफी मागायची सोय कलम 270एए मध्ये आहे. दुसऱ्या प्रकारात पडलात की 2025 च्या नियमांत ते दार बंद होतं. बोगस देणगीच्या प्रकरणात अधिकाऱ्याचा कल दुसऱ्या प्रकाराकडेच असतो, हेही आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर सीएकडे जाऊन आलात आणि दंड तरीही लागला तर मला बोल लावाल. पण सर किती लवकर कबूल करतात, कोणत्या शब्दांत करतात, पैसे कधी भरतात, नोटीस कोणत्या पोटकलमाखाली आली आहे आणि तिच्यात नेमका आरोप काय लिहिला आहे, यावर जाणकाराला काम करता येतं. शिक्षकाला आणि त्याच्या बायकोला इंटरनेटवर वाचून ते करता येईल असं मला वाटत नाही. मी स्वतः बरीच वर्षं करसल्लागाराच्या ऑफिसात काढली आहेत, तरी दंडाच्या नोटिशीला उत्तर लिहायचं तर मी आधी कुणाला तरी दाखवीन.

आता दुकानदाराने पाठवलेलं ते 'तयार उत्तर'. तुम्ही प्रत जोडली ते फार बरं केलं. दोन पानी इंग्रजी मजकूर, वर सरांचं नाव आणि पॅन. पहिल्या परिच्छेदात, पक्षाच्या विचारसरणीने प्रेरित होऊन स्वेच्छेने देणगी दिली. दुसऱ्यात, पक्षाने पुढे पैशांचं काय केलं याच्याशी माझा संबंध नाही. आणि तिसऱ्या परिच्छेदात सर किराणा दुकान चालवतात! आधी ज्याच्यासाठी लिहिलं त्याचा व्यवसाय तसाच राहून गेलाय. यावरून हे उत्तर किती जणांच्या नावाने फिरतंय याचा अंदाज येतो. शब्दाला शब्द तेच उत्तर पन्नास जणांकडून आलं, तर वाचणाऱ्याला मागे कोण बसलंय ते सांगावं लागत नाही.

किराणा दुकानाची चूक दुरुस्त होईल. मला भीती वाटते ती दुसऱ्या परिच्छेदाची. पैसे परत आल्याचं बँक स्टेटमेंट तुमच्या घरात आहे, आणि सर सही करून 'मला काही माहीत नाही' म्हणणार. आजवर रिटर्नमध्ये एक चुकीची वजावट होती. या सहीनंतर चौकशीत जाणूनबुजून दिलेलं खोटं निवेदन होईल, आणि त्याचं कलम वेगळं आहे, 277. तिथे गोष्ट दंडावरून खटल्याकडे सरकते. दुकानदाराला हे नको कळायला? कळतं त्याला. पण त्याचं हित वेगळं आहे. सगळ्या गिऱ्हाइकांनी 'देणगी खरी' म्हणत राहावं यात त्याची सुटका आहे. सरांनी खरं सांगून टाकावं यात सरांची आहे. एकाच वकिलाने या दोघांचं भलं कसं करायचं? त्या वकिलाची फी गोळा कोण करतंय, त्याला माहिती कोण पुरवतंय, ते बघा म्हणजे तो कुणाचा वकील आहे ते कळेल. ज्याने विहिरीत ढकललं त्याच्याच दोराला धरून वर यायचं, आणि दोराचं भाडं बारा हजार.

'साहेब ओळखीचे आहेत, मॅनेज होईल' असंही कुणी म्हणेल. फेरतपासणीची केस पुढे फेसलेस पद्धतीने चालते. सरांची फाइल देशात कुठल्या गावचा अधिकारी बघतोय हे सरांना कळत नाही आणि ओळखवाल्यालाही कळत नाही. त्या नावाने मागितलेला पैसा मागणाऱ्याच्याच खिशात जातो.

हे सगळं उघडं कसं पडलं, असा प्रश्न तुमच्या पत्रात आहे. सरांनी काही वेगळी चूक केली म्हणून नव्हे. 14 जुलै 2025 रोजी आयकर विभागाने देशभर सुमारे दीडशे ठिकाणी तपासणी केली, ती अशा खोट्या वजावटी भरून देणाऱ्यांचीच होती. पुढच्याच महिन्यात निवडणूक आयोगाने 334 नोंदणीकृत पण मान्यता नसलेले पक्ष यादीतून काढले. अशा एखाद्या पक्षाचं बँक खातं विभागाच्या हाती लागलं की देणगीदारांची यादी आपोआप हाती येते, कारण प्रत्येकाने चेकने किंवा ऑनलाइन पैसे पाठवलेले असतात. वजावटीसाठी तेच तर लागतं! 148ए च्या नोटिशीसोबत विभागाकडे काय माहिती आहे ती जोडलेली असते. ती पानं सरांना शांतपणे वाचायला सांगा. सगळे फक्त तारीख आणि रक्कम बघतात आणि फोन फिरवायला लागतात.

आता दीर. कुणाला दमडी देऊ नका, भरून टाका, हा सल्ला स्वभावाने सरळ माणसाचा आहे आणि कराच्या रकमेपुरता योग्य आहे. फक्त 'ऑफिसला जाऊन भरून टाका' असं या टप्प्यावर होत नाही. 148ए म्हणजे 'तुमची केस पुन्हा का उघडू नये ते सांगा' अशी विचारणा. तिला उत्तर गेलं की अधिकारी आदेश काढतो, मग 148 ची नोटीस, मग नवीन रिटर्न, त्याला नोटिशीच्या महिन्याअखेरीपासून जास्तीत जास्त तीन महिने. मग कर आकारणी, आणि दंडाची नोटीस त्यानंतर वेगळी. मधेच कुणी चलन फाडून पैसे भरले आणि कागदावर काहीच लिहिलं नाही, तर पैसे भरूनही माणूस प्रतिसाद न देणारा ठरतो. भरणं आणि लिहून देणं, दोन्ही जुळवून व्हायला लागतं.

एक मुद्दा असा आहे की त्या एकट्यासाठीसुद्धा मी सल्ल्याची फी देईन. अद्ययावत (अपडेटेड) रिटर्न, म्हणजे आयटीआर-यू, ही सोय 2022 पासून आहे, आणि 2025 च्या वित्त कायद्याने तिची मुदत कर निर्धारण वर्ष (कमाईच्या वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून चार वर्षांपर्यंत वाढवली. जास्तीचा कर भरायचा आणि स्वतःहून चूक मोकळी करायची. पण 2025 च्या नियमांत त्या वर्षाची आकारणी किंवा फेरआकारणी चालू असेल तर ती भरता येत नव्हती. आता 148ए ची विचारणा आलीय, 148 अजून आलेली नाही. या मधल्या फटीत पहिल्या वर्षाची आयटीआर-यू भरता येते का? यावर जाणकारांतच दोन मतं आहेत. सरांची नोटीस समोर ठेवून एखाद्याने ठामपणे सांगायला हवं, आणि त्या सांगण्याची जबाबदारी घ्यायला हवी. सल्ल्याचे पैसे म्हणतात ते याचे. एका वर्षासाठी आयटीआर-यू एकदाच भरता येते, त्यामुळे करून बघू, नाही जमलं तर परत करू, असं चालत नाही.

आणि यात तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट राहूनच गेली होती. तुम्ही दोन वर्षं लिहिलीत आणि सगळी भीती पहिल्या वर्षाची घेतलीत. दुसऱ्या वर्षाची, म्हणजे 2023-24 ची, नोटीस अजून आलेली नाही. ती येणार हे धरून चाला. त्या वर्षापासून रिटर्नमध्ये 80जीजीसी साठी वेगळा तक्ता आला. त्यात देणगीची तारीख, व्यवहाराचा क्रमांक, बँकेचा आयएफएससी कोड सगळं भरलेलं असतं. सरांच्या रिटर्नची पीडीएफ उघडून बघा, दुकानदाराने सगळे पुरावे स्वतःच्या हाताने तिथे लिहून ठेवलेत. पण नोटीस येईपर्यंत हे वर्ष तुमच्या हातात आहे. त्याचं कर निर्धारण वर्ष मार्च 2025 ला संपलं. 31 मार्च 2026 च्या आत आयटीआर-यू भरली तर जादा कर 25 टक्के. व्याज बाजूला ठेवून हिशोब केला तर 41,600 वर 10,400, एकूण 52,000. तारीख उलटली की तोच दर 50 टक्के, म्हणजे 62,400. आणि त्याआधीच फेरतपासणी सुरू झाली तर हा रस्ता हातचा जाऊ शकतो आणि मग वर लिहिलेला 83,200 चा आकडा परत समोर येईल, मूळ कराच्या वर. व्याज महिन्यामहिन्याने वाढतं आणि जादा कर व्याजावरही लागतो, त्यामुळे खरा आकडा थोडा जास्त निघेल. विभागाने डिसेंबर 2025 मध्ये अशा देणगीदारांना एसएमएस आणि ईमेल पाठवून 'स्वतःहून दुरुस्त करा' असं कळवायला सुरुवात केली. सरांना असा मेसेज आला का, असं विचारलंत तर ते नाही म्हणतील. त्याचं कारण लॉगिनमध्ये आहे, त्याकडे आता येते.

सरांचं आयकर पोर्टलवरचं लॉगिन उघडून प्रोफाइल बघा. मोबाइल कुणाचा आहे, ईमेल कुणाचा आहे? अशा घरांत बऱ्याचदा दोन्ही दुकानदाराचे निघतात. मग विभागाचं पत्र त्याला मिळतं आणि त्याला वाटलं तर तो सरांना सांगतो. सीए शोधण्याच्या आधी हे करा: पासवर्ड बदला, मोबाइल-ईमेल स्वतःचे घाला, ई-प्रोसिडिंग्ज (पोर्टलवर विभागाच्या नोटिसा दिसतात तो भाग) उघडून आणखी काही येऊन पडलंय का ते बघा. नोटिशीवरचा डीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळख क्रमांक, पोर्टलवर तपासता येतो, त्यासाठी लॉगिनही लागत नाही. नोटीस खरी आहे याची एकदा खात्री करून घ्या, कारण भ्यालेल्या माणसांना खोट्या नोटिसा पाठवणारेही हल्ली आहेत. नवीन सल्लागारालाही पासवर्ड देऊ नका. अधिकृत प्रतिनिधी म्हणून पोर्टलवर त्याचं नाव जोडायची सोय आहे. ओटीपी फोनवर सांगायची सवय आपल्याकडे फार, इथे ती सवयच नडली.

पुण्याचे पंचवीस हजार महाग की स्वस्त, हे मला सांगता येणार नाही आणि तुम्हालाही नाही, कारण ते कशाचे हे तुम्ही विचारलेलंच नाही. फक्त 148ए च्या उत्तराचे? की दंडाच्या नोटिशीपर्यंतचे? एका वर्षाचे की दोन? वर मी जे टप्पे लिहिले ते कागदावर मांडून प्रत्येकासमोर आकडा लिहून मागा. दोन्ही वर्षांचं शेवटपर्यंतचं काम त्यात असेल तर पंचवीस हजार मला जड वाटत नाहीत. नुसत्या पहिल्या उत्तराचे असतील तर वाटतात. आणि पुण्यालाच जायला हवं असंही नाही. सगळं ऑनलाइन आहे, आणि सीएंच्या संस्थेची शाखा सोलापुरात आहे. सात रस्ता, रेल्वे लाइन्स भागात नुसत्या पाट्या वाचत फिरलात तरी चार नावं मिळतील. त्यातला कोण सभासद आहे ते संस्थेच्या वेबसाइटवर नाव घालून बघता येतं. नावाआधी 'सीए' लावणं आणि सीए असणं यात फरक असतो, दुकानदाराच्या पाटीवरही 'टॅक्स कन्सल्टंट' असेलच. फक्त एक काळजी घ्या: दुकानदाराचे रिटर्न ज्या ऑफिसातून जात होते तिथे जाऊ नका. सोलापूर मोठं असलं तरी या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात, विचारलंत तर कळेल.

सीएने फी टक्क्यांत सांगितली, 'जेवढा दंड वाचवीन त्याच्या इतके टक्के', तर उठून या. निकालावर अवलंबून किंवा टक्केवारीवर फी घ्यायला सीएंच्या आचारसंहितेत, थोडे अपवाद सोडले तर, मनाई आहे. रिफंडाचे दहा टक्के घेणाऱ्याने तुमची काय अवस्था केली ते बघताच आहात.

माझ्या मते पहिल्या भेटीत पूर्ण काम देऊच नका. तासाभराच्या सल्ल्याची फी वेगळी विचारा आणि ती देऊन बसा. 'काही नको हो, बसा' म्हणणाऱ्यापेक्षा घड्याळ लावून पैसे घेणारा मला परवडतो, तो निदान कागद वाचतो. सोबत न्या: दोन्ही वर्षांचे फॉर्म 16, भरलेले रिटर्न, देणगीच्या पावत्या, पतसंस्थेच्या कर्जाची नोंद, दोघांचीही बँक स्टेटमेंट आणि दुकानदाराशी झालेले व्हॉट्सअॅपचे मेसेज. मेसेज पुसू नका. नोटिशीची सगळी पानं न्या, पहिलं पान नुसतं नको. आणि सरांना सांगा, जे झालं ते सगळं सांगायचं. शिक्षकाला असं समोर बसून कबूल करणं किती जड जातं याची मला कल्पना आहे, पण अर्धं सांगितलेल्या सीएकडून अर्धंच उत्तर मिळतं. तो तुम्हाला तीन गोष्टी सांगू शकला तर पुढचं काम त्याला द्या: पहिल्या वर्षाची आयटीआर-यू भरता येईल की 148 ची वाट बघायची, उत्तरात वस्तुस्थिती कोणत्या शब्दांत मांडायची, आणि दुसऱ्या वर्षाची आयटीआर-यू किती दिवसांत जाईल. गोलगोल बोलला तर तासाचे पैसे देऊन नमस्कार करा. ते पैसे वाया गेले असं मानू नका.

वकील कधी? सीए गोपनीयता पाळायला व्यवसायाने बांधील असतो, पण वकील आणि अशिलातल्या बोलण्याला कायद्याचं जे संरक्षण आहे ते त्याला नाही. खटल्याची भाषा असलेलं पत्र आलं किंवा जबाबासाठी समन्स आलं, तर करविषयक काम करणारा वकील गाठा. आज त्याची गरज दिसत नाही. इतक्या कमी रकमेत थेट खटला होत नाही. 25 लाखांपर्यंतच्या प्रकरणात खटल्यासाठी दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मंडळाची मंजुरी लागते, असं 2019 चं परिपत्रक आहे. पण म्हणूनच ते खोटं उत्तर अपलोड होता कामा नये, एवढं धरून ठेवा.

1 एप्रिल 2026 पासूनच्या नवीन आयकर कायद्यामुळे जुन्या केसेस गळून पडतील, अशी एक अफवा मी दोन पत्रांत वाचली. तसं काही नाही. जुन्या वर्षांच्या केसेस जुन्या कायद्यानेच चालणार आहेत.

दुकानदाराकडून कट आणि फीचे पैसे परत मिळतील का, असं तुम्ही विचारलंत. मला शक्यता दिसत नाही. पोलिसांत तक्रार करायचा विचार असेल तर सीएला विचारल्याशिवाय करू नका. तिथे दिलेला जबाब आणि इथे दिलेलं उत्तर एकमेकांशी जुळावं लागेल.

आता तुमचं स्वतःचं. तुमच्या खात्यात आलेले एक लाख नव्वद हजार हे तुमचं उत्पन्न नाही, सरांचेच पैसे फिरून आलेत. पण तसं दाखवता यायला हवं. कुणी विचारलं तर 'ट्रेडिंग कंपनीकडून पैसे का आले' याचं उत्तर फक्त एकाच ठिकाणी आहे, सरांच्या खऱ्या उत्तरात. म्हणून तुमचं स्टेटमेंट पहिल्याच भेटीत टेबलावर ठेवा आणि सीएकडे दोघं मिळूनच जा. ते खातं बंद करू नका, त्या दिवसांतल्या नोंदी डाउनलोड करून ठेवा. दुकानदार कदाचित सुचवेल की ही रक्कम तुम्ही त्या कंपनीला दिलेल्या उसन्या पैशांची परतफेड दाखवू, आणि स्टॅम्प पेपरही तोच आणेल. त्यावर सही करू नका.